पावणेतीन गाड्यांची टाकी: हायवेवरच्या चार्जरमागे बॅटरी बसवतानाच्या नोंदी

नानांचं (माझ्या चुलत्यांचं) हॉटेल पारोळा आणि एरंडोलच्या मधे आहे, सुरतहून धुळे-जळगावमार्गे नागपूरला जाणाऱ्या ५३ नंबरच्या हायवेला लागून. शेवभाजी, भरीत, कळण्याची भाकरी. तिथे विजेच्या गाड्यांसाठी ६० किलोवॅटचा दोन गनचा (गन म्हणजे गाडीत खुपसायचं तोंड) डीसी चार्जर टाकायचं ठरलं, पण वीज मिळत होती २० किलोवॅट. मधली तफावत बॅटरीने भरून काढायचा हा उद्योग. मी डिप्लोमावाला, मूळ धंदा मोटार रिवाइंडिंग आणि सोलर पंप. जुन्या डायरीत रोजचं लिहीत गेलो, त्यातलं कामाचं इथे उतरवतोय. याच रस्त्यावर आणखी दोघं-तिघं हेच करायच्या विचारात आहेत, त्यांनी निदान आमच्या चुका तरी परत करू नयेत.

६ जानेवारी २०२५

वीज कार्यालयातून अंदाजपत्रक आलं. गावच्या डीपीवरून (ट्रान्सफॉर्मरवरून) चार्जरच्या वेगळ्या मीटरला २० किलोवॅटच्या वर काही मिळणार नाही. जास्त हवी असेल तर स्वतःची १०० केव्हीएची डीपी आणि ११ केव्हीची लाइन, सात खांब. खर्च ९ लाख ४० हजार. पैशाचं कसंही जमलं असतं. पण सातातले चार खांब शेजारच्या शेतातून जातात, आणि शेजाऱ्याचं व नानांचं बांधावरून माझ्या जन्माआधीपासून वाकडं आहे. नाना म्हणाले, "त्याच्या दारात मी जाणार नाही." विषय संपला.

तेव्हा प्रामाणिकपणे लिहून ठेवतो: बॅटरीचा मार्ग स्वस्त होता म्हणून घेतलेला नाही. तुमचा शेजारी सरळ असेल तर आधी खांबांचा भाव काढा.

नानांना समजावलं ते असं. विहिरीला झिरा कमी असला की आपण शेततळं करतो. रात्रभर बारीक धारेने भरतं, सकाळी मोठ्या मोटारीने पिकाला देतो. हे तसंच. नाना शेतकरी, त्यांनी लगेच विचारलं, "आन् तळं आटनं तं?" हा प्रश्न मी तेव्हा हसण्यावारी नेला. पुढे ऑगस्टमध्ये तो महागात पडला.

९ जानेवारी

आकडेमोड. बॅटरी लिथियम आयर्न फॉस्फेट, ५१.२ व्होल्ट १०० एएचचे (अँपिअर-तासांचे) बारा मॉड्यूल, म्हणजे बॅटरीचे डबे, सिरीजमध्ये. म्हणजे ६१४ व्होल्ट, ६१.४ युनिट. ९० टक्क्यांपासून १० टक्क्यांपर्यंतच वापरायची, म्हणून हाताशी ४९ युनिट. इन्व्हर्टर ५० किलोवॅटचा हायब्रीड, म्हणजे लाइन आणि बॅटरी दोन्ही वापरणारा. बॅटरीतून ५० अँपिअरच्या वर काढायचं नाही, तिला आयुष्य हवं, म्हणून बॅटरीकडून ३० किलोवॅट आणि लाइनवरून १५. चार्जरला मिळाले ४५.

४० युनिटच्या बॅटरीची गाडी २० टक्क्यांवरून ८० पर्यंत न्यायला २४ युनिट, चार्जरमध्ये वाया जाणारी वीज धरून सव्वापंचवीस. ४५ च्या वेगाने ३४ मिनिटं. त्यात बॅटरीचा वाटा सतरा-साडेसतरा युनिट. भागाकार केला तर टाकी (म्हणजे ही बॅटरी) भरलेली असताना पाठोपाठ पावणेतीन गाड्या. नंतर टाकी परत भरायला १५ किलोवॅटने साडेतीन तास.

पावणेतीन पुरतील असं वाटलं, कारण या पट्ट्यात दिवसाला चार-पाचच गाड्या येणार असा अंदाज. तो अंदाज खरा निघाला. फक्त त्या चार-पाच गाड्या सबंध दिवसात सारख्या वाटून येत नाहीत, हे डोक्यात आलं नाही.

१९ जानेवारी

जागेवरून वाद. नानांना बॅटरी स्वयंपाकघरामागच्या खोलीत हवी होती, कारण ती रिकामी आहे. त्या खोलीच्या भिंतीला लागून कमर्शियल सिलिंडरची बँक. मी नाही म्हटलं. ही बॅटरी दुसऱ्या लिथियम प्रकारांपेक्षा शांत असते, तरी गॅसशेजारी कुठलीच बॅटरी ठेवायची नाही. शेवटी पश्चिमेच्या टोकाला नवी १० बाय १२ ची खोली. पत्र्याचं छत. पश्चिमेची भिंत आणि पत्रा, या दोन्हींची किंमत एप्रिलमध्ये मोजली.

जमीन काळी. दोन फूट खणून काळी माती काढली, मुरूम भरून ठोकला, वर सहा इंच काँक्रीट. रॅकसकट सहाशे किलोच्या पुढे वजन जातं.

८ ते १४ फेब्रुवारी

माल आला. पेट्या उघडून मॉड्यूल रॅकमध्ये चढवले आणि उत्साहात लगेच सिरीज जोडायला घेतले. सुदैवाने त्याआधी प्रत्येकाचं व्होल्टेज लिहून घेतलं. दहा मॉड्यूल ५२.७ च्या आसपास, दोन ५२.३. वायरमन बापू म्हणाले, "पॉइंट चारचा फरक, त्यात काय!"

शिशाच्या बॅटरीत काही नसतं. या बॅटरीचं व्होल्टेज मधल्या पट्ट्यात जवळपास सपाट असतं, त्यामुळे ०.४ व्होल्ट म्हणजे चार्जमध्ये वीस टक्क्यांचा फरक. तसंच जोडलं असतं तर दहा मॉड्यूल भरले की चार्जिंग थांबणार तेव्हा दोन ८० वर, आणि उतरताना तेच दोन आधी तळाला लागणार. बीएमएसचा (बॅटरीवर नजर ठेवणाऱ्या सर्किटचा) बॅलन्सिंग करंट, म्हणजे कमी-जास्त चार्ज सारखा करणारा, जेमतेम १०० मिलिअँपिअर. वीस एएचची तूट त्याने भरायची तर आठ-दहा दिवस, तेही बॅटरी वरच्या टोकाला उभी ठेवली तर.

म्हणून धुळ्याहून २० अँपिअरचा ४८ व्होल्टवाला लिथियम चार्जर भाड्याने आणला, ५७.६ व्होल्टला लावला आणि एकेक मॉड्यूल स्वतंत्र भरला. दिवसाला दोन-तीन. पाच दिवस गेले. बापू रोज विचारायचे, "झाली का पूजा?" पूजाच होती, पण नंतर दहा महिने मॉड्यूलमध्ये कुरबूर झाली नाही.

२२ फेब्रुवारी

आज पोटात गोळा आला. पॅनल तपासताना बॅटरी आणि इन्व्हर्टरच्या मधे जो खटका बसलाय तो एसीचा (घरच्या विजेचा, बॅटरीच्या डीसीचा नव्हे) एमसीसीबी निघाला. बापूंना डीसीचा मिळाला नाही, अँपिअर सारखे आहेत म्हणून त्यांनी हा लावला. ६१४ व्होल्ट डीसीवर!

ज्यांना हे माहीत नाही त्यांच्यासाठी एवढंच: एसीची वीज सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येते, त्यामुळे खटका उघडताना पेटलेली ठिणगी विझते. डीसीत शून्यच नाही. लोडवर खटका ओढला असता तर ठिणगी जळतच राहिली असती. खटका, मग पॅनल, मग कदाचित माणूस.

बापूंना रागावलो नाही. चूक माझीच, सामानाच्या यादीत मी नुसतं "१२५ अँपिअर एमसीसीबी" लिहिलं होतं. डीसी, १००० व्होल्ट, चार पोल असं लिहायला हवं होतं. योग्य खटका सुरतहून यायला नऊ दिवस. नवा लावताना त्याच्यावरचे प्लस-मायनस आणि लाइन-लोडचे बाण दोघांनी मिळून पाहिले. जुना आता हॉटेलच्या पिठाच्या गिरणीला आहे.

८ मार्च

पहिल्यांदा सगळं चालू. दहा मिनिटांत मेन खटका पडला. परत लावला, परत पडला.

लाइनवरून १७ किलोवॅटच्या वर ओढायचं नाही अशी सेटिंग होती. इन्व्हर्टरच्या स्क्रीनवर आयात ९ किलोवॅट दिसत होती, आणि टाँग टेस्टर (वायरला चिमटा लावून करंट मोजायचं यंत्र) तिन्ही फेजवर चाळीस-चाळीस अँपिअर दाखवत होता. मोबाइलवर फर्मवेअर, सेटिंग, कंपनीच्या माणसाचा फोन, यात तीन तास. मग चहा पिताना बापू म्हणाले, "आर फेजच्या सीटीचा बाण उलटा आहे का?"

उलटा होता. सीटी म्हणजे वायरभोवती बसवलेलं करंट मोजायचं कडं. दोन फेज मिळून जेवढी आयात तेवढ्यातून तिसरी वजा होत होती, म्हणून मशीनला खऱ्याच्या एक तृतीयांशच दिसत होतं. त्याला वाटायचं अजून भरपूर जागा आहे, ते चार्जिंग वाढवत न्यायचं, आणि मेन पडायचा. सीटी उलटी करायला दोन मिनिटं लागली. चालू करण्याआधी एकेका फेजवर हिटर लावून स्क्रीनवरचा आकडा आणि चिन्ह दोन्ही पाहायचं, हे आता भिंतीवर खडूने लिहून ठेवलंय.

१६ मार्च

चार्जर लावून दिला, पण तो सुरू व्हायला तयार नाही. न्यूट्रल आणि अर्थमधलं व्होल्टेज ७ आलं, चार्जरवाल्यांना ३ च्या आत हवं. अर्थिंग मोजलं तर ९ ओहम. जानेवारीत हेच तीनच्या खाली होतं.

काळ्या मातीचं हे दुखणं. ओल असली तर अर्थिंगला याच्यासारखी माती नाही, आणि होळीनंतर तिला हात जाईल एवढ्या भेगा पडल्या की तांब्याच्या पट्टीला मातीच शिवत नाही. आमचा खड्डा पाच फुटांचा. दोन नवे खड्डे दहा-दहा फुटांचे घेतले, भोवती बेंटोनाइट (ओल धरून ठेवणारी माती) भरलं, तिन्ही जोडले. १.८ ओहम. हॉटेलचं भांडी धुण्याच्या शेवटच्या हौदाचं पाणी पाइपाने तिकडे वळवलं, आता भेगाच पडत नाहीत. खर्च २१ हजार, आठवडा वाया.

२३ मार्च

पहिली गाडी. जळगावचे एक डॉक्टर, ४०.५ युनिटची नेक्सॉन. नानांनी नारळ फोडला. गन लावली, चार्जर चढला, मेन पडला. नारळाचं पाणी अजून वाळलं नव्हतं.

चार्जर दोन-अडीच सेकंदांत वर जातो आणि इन्व्हर्टर मीटर वाचतो पाच सेकंदांनी. मधल्या वेळात सगळा भार लाइनवर. मीटर वाचायचा वेळ एक सेकंद केला, चार्जरचा चढ सेकंदाला २ किलोवॅट असा हळू केला. डॉक्टरांना तोवर भरीत-भाकरी फुकट. ते आजही येतात, आणि आजही आठवण करून देतात.

एक गोष्ट आमच्या बाजूने निघाली. कागदावर मी ४५ धरले होते, ही गाडी सरासरी तीस-बत्तीसच ओढते. त्यामुळे बॅटरीचा वाटा कमी पडला आणि टाकी जास्त गाड्यांना पुरली. यावरून मी निश्चिंत झालो, तेही चूकच.

२ एप्रिल

इन्व्हर्टर आणि बीएमएसमधला संवाद मधेच तुटतो. दिवसातून सात-आठ वेळा. कम्युनिकेशनची वायर पॉवर केबलच्या ट्रेमधूनच नेली होती. शिल्डवाली पिळाची वायर वेगळ्या पाइपातून नेली, शिल्ड एकाच टोकाला अर्थ केलं, दोन्ही टोकांना १२० ओहमचे रेझिस्टर. थांबलं.

३० एप्रिल, आखाजी

आखाजीला (अक्षय तृतीयेला) पोरी माहेरी येतात. यंदा जावई चारचाकीने आले आणि त्यातल्या काही गाड्या विजेच्या. दुपारी दोन वाजता रांगेत तीन गाड्या आणि चार्जर १५ किलोवॅटवर येऊन बसला. बॅटरी ७० टक्के भरलेली, पण द्यायला तयार नाही.

खोलीत गेलो तर भट्टी. बाहेर ४४, आत ४९. पत्र्याखाली, पश्चिमेच्या भिंतीशी, आणि त्याच खोलीत इन्व्हर्टरचे पंखे गरम हवा सोडताहेत. सेलचं तापमान ५१. बीएमएसने ४५ ला करंट निम्मा केला होता आणि ५० ला पूर्ण बंद. त्याने त्याचं काम बरोबर केलं, मीच एक्झॉस्ट फॅनवर भागेल म्हटलं होतं. बाहेरची ४४ ची हवा आत ओढून आतलं ४५ च्या खाली कसं ठेवणार होतो, कोण जाणे.

नाना आत डोकावले. "मानूस बेजार व्हयना, मंग मशीननं काय?" आणि बर्फाची लादी आणू का म्हणाले. नको म्हटलं. थंड पत्र्यावर हवेतलं पाणी धरून ते टर्मिनलवर ठिबकलं तर आखाजी कायमची लक्षात राहील.

त्या दिवशी तीन कुटुंबं दीड-दीड तास थांबली. एक जण चिडून एरंडोलकडे गेला.

५ ते १७ मे

दुरुस्ती, महत्त्वाची त्या क्रमाने:

इन्व्हर्टर खोलीबाहेर काढून उत्तरेच्या भिंतीला शेड करून लावला. याने एकट्याने आतलं तापमान पाच अंश उतरलं. हे फुकट होतं आणि पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. मग छताला आणि पश्चिमेच्या भिंतीला आतून रॉकवूल भरलेले पॅनल. थर्माकोल स्वस्त पडत होता, पण बॅटरीच्या खोलीत पेटणारी वस्तू लावायची नाही. पत्र्यावर चुना. शेवटी दीड टनाचा एसी, २८ वर, त्याची हवा सरळ रॅकवर न मारता भिंतीकडे वळवलेली.

सगळं मिळून ९४ हजार. सेलचं तापमान आता बाहेर ४५ असताना ३३-३४.

१ जून

मेचा हिशेब. यासाठी वेगळे तीन मीटर बसवले होते, म्हणून हे आकडे कंपनीच्या माहितीपत्रकातले नाहीत.

बॅटरीत गेले ११८० युनिट, बाहेर आले १०१०. म्हणजे ८५ टक्क्यांच्या वर, ठीक. पण एसी आणि इन्व्हर्टरचा उभ्या-उभ्याचा खर्च दिवसाला सरासरी १५ युनिट, महिन्याचे ४६५. ते धरले तर १६४५ टाकून १०१० हाती आले. शंभरातले एकसष्ट.

बॅटरी विकणाऱ्याने ९५ टक्के सांगितलं होतं. ते खोटं नव्हतं, ते सेलपुरतं होतं. खानदेशातल्या मे महिन्यात पत्र्याच्या खोलीतलं कपाट म्हणून विचाराल तर एकसष्ट.

१९ जून

विजा. एसपीडीने (विजेचा झटका अंगावर घेणाऱ्या डबीने) जीव दिला, बाकी वाचलं. दीड हजारात सुटलो. राउटर मात्र गेला. चार्जरला किती ओढायचं हा हुकूम इंटरनेटवरून चार्जर कंपनीच्या सर्व्हरमार्फत जात होता. हुकूम येईना, तेव्हा चार्जर आपल्या मूळ सेटिंगवर गेला: ६०. मेन पडला.

आता हुकूम खोलीतल्या खोलीत लॅनच्या वायरीने जातो, बाहेरच्या नेटशी संबंध नाही. आणि चार्जरची मूळ सेटिंग १५ केली. काहीही तुटलं, बिघडलं, बंद पडलं तर चार्जर १५ वर. बाकीच्या नोंदी विसरलात तरी चालेल, पण हे चार्जर लावल्या दिवशी करा.

८ जुलै

या महिन्यापासून बिलाच्या वेळा बदलल्या: सकाळी ९ ते संध्याकाळी ५ वीज स्वस्त, ५ ते रात्री १२ महाग. आम्ही आतापर्यंत रात्री टाकी भरायचो. आता दिवसा भरतो, संध्याकाळी उतरवतो. हेतूने नाही, पण जमून गेलं, कारण सुरतेकडून निघालेल्या गाड्या इथे संध्याकाळीच पोचतात.

उंदरांनी एक सिग्नलची वायर खाल्ली. केबलच्या भोकांत तारेची जाळी आणि फायर सीलंट.

३ ऑगस्ट, कानबाईचा रविवार

श्रावणात कानबाईला (खानदेशातल्या देवीच्या सणाला) सुरत, पुणे, नाशिककडे गेलेलं सगळं खानदेश घरी येतं. हे मला जन्मापासून माहीत आहे. तरी मी काल टाकी ९० टक्के भरली आणि निवांत झोपलो.

सकाळी दहाला सुरतेची एक मोठी एसयूव्ही, ७९ युनिटची बॅटरी. पाठोपाठ मालकाच्या मेव्हण्याची तशीच. ही गाडी बत्तीसवर थांबणारी नाही, ४५ दिले की शेवटपर्यंत ४५ ओढते. २० वरून ८० न्यायला पन्नास युनिट, ६७ मिनिटं. त्यातले साडेतेहतीस बॅटरीतून. पहिली गाडी गेली तेव्हा टाकी ३३ टक्क्यांवर. दुसरी लागली, सत्तावीस मिनिटांत टाकी १० वर आली, बॅटरीने हात वर केले, चार्जर ४५ च मागत राहिला, मेन पडला. चार्जर अंधारात, गन गाडीला कुलूप लागून अडकलेली, आणि आत आजी कानबाईचा नारळ मांडीवर घेऊन बसलेल्या.

नाना आले. काही बोलले नाहीत, फक्त "आटनं ना तळं?"

गाडीच्या किल्लीने अनलॉक करून गन निघाली, पण ते कळेपर्यंत वीस मिनिटं गेली. लोक गोळा झाले होते. एक म्हणाला, डिझेलच बरं.

४ ते १२ ऑगस्ट

चूक बॅटरीच्या आकाराची वाटते, पण आधी ती हुकमाची होती. चार्जरला टाकीत किती उरलंय हे कुणी सांगतच नव्हतं. मोटार पूर्ण सोडून विहिरीत न बघणाऱ्यासारखं.

आता पायऱ्या केल्या. टाकी ५० टक्क्यांच्या वर असेल तर ४५. पन्नास ते पंचवीसमध्ये ३०. पंचविसाच्या खाली १५, म्हणजे बॅटरीला हातच नाही, जे लाइनवर येईल तेच. यामागचं साधं गणित: ४५ ला गाडीत जाणाऱ्या प्रत्येक युनिटातले दोन तृतीयांश बॅटरीतले असतात, ३० ला निम्मे, १५ ला शून्य. वेग उतरवला की त्याच टाकीत जास्त गाड्या निघतात. त्या रविवारची दुसरी गाडी या पायऱ्यांवर चालवली असती तर हळू भरली असती, पण अंधार झाला नसता.

दुसरं, गन लावण्याआधीच दिसेल असा फळा. हॉटेलचा पोरगा दर तासाला खडूने लिहितो: "आत्ता वेग ३०." लोकांना हळू वेगाचा राग येत नाही, सांगितल्यावर मधेच उतरला तर येतो. शनिवार-रविवारी फोन करून येणाऱ्यांसाठी टाकी राखून ठेवतो.

अजून बारा मॉड्यूल घ्यावेत का? पाहिलं. वर्षातून आखाजी, कानबाई, दिवाळी मिळून आठ-दहा दिवसांसाठी आठ लाख. आणि मोठी टाकी भरायला वीज त्याच १५ किलोवॅटच्या धारेने येणार. दिवसभराचं पाणी झिऱ्याएवढंच, तळं कितीही मोठं खणा. सध्या नाही.

२१ सप्टेंबर

स्क्रीनवर ३४ टक्के दिसत असताना बॅटरी एकदम ८ वर आली. बिघाड समजून घाबरलो. बिघाड नव्हता. आम्ही कधी ९० च्या वर भरलीच नाही, आणि सपाट व्होल्टेजमुळे बीएमएसला मधल्या पट्ट्यात किती शिल्लक आहे ते कळत नाही, तो आत-बाहेर गेलेला करंट मोजत राहतो. बारीक चूक रोज साठत जाते. पूर्ण १०० ला गेल्यावरच त्याचा हिशेब सरळ होतो. आता दर मंगळवारी गर्दी नसताना १०० पर्यंत, वर दोन तास उभी.

पावसाने फरशी आठ मिलिमीटर वर उचलली, दार घासतंय. मुरूम अजून एक फूट खोल भरायला हवा होता. रॅक ओळंब्यात आहे, दाराला रंधा मारला.

१६ नोव्हेंबर

कपाशीचा हंगाम. रस्त्यापलीकडे जिनिंग आहे, वाऱ्यावर सरकी-रुईचं तूस उडतं. चार्जर दहा दिवसांत दोनदा गरम होऊन उतरला. मागचं फिल्टर उघडलं तर गादी भरता येईल एवढा कापूस. कंपनीच्या माणसाने फिल्टर तीन महिन्यांनी बदला असं सांगितलेलं. ते कपाशीच्या गावाला लागू नाही.

मच्छरदाणीची नायलॉन जाळी लाकडी चौकटीत ठोकून फिल्टरच्या चार इंच पुढे बसवली. तूस तिथेच अडतं, दर दोन दिवसांनी झाडूने काढायचं. खर्च २२० रुपये. चौकट फिल्टरला चिकटवू नका, हवा कोंडते. मी आधी चिकटवूनच पाहिली.

१४ डिसेंबर

नोव्हेंबरचा हिशेब. विकले २६४० युनिट, १८ रुपयांनी ४७,५२०. वीज खरेदी ३१६० युनिट, स्थिर आकार, डिमांड सगळं धरून युनिटला साडेनऊच्या आसपास, म्हणजे तीस हजार. अ‍ॅपवाल्यांचं आणि नेटचं साडेतीन हजार. उरले चौदा हजार. थंडीत एसी जवळपास बंद, त्यामुळे बॅटरीचे शंभरातले साडेसत्त्याहत्तर हाती येतात.

एकूण खर्च २२ लाख ६० हजार: बॅटरी ८.३, इन्व्हर्टर ३.९, चार्जर ७.६, जोडणीचं ९० हजार, उरलेला १.९ लाख खोली, अर्थिंग, एसी आणि चुकांचा. चौदा हजारांनी भागलं तर तेरा वर्षांच्या पुढे. माझ्या हिशेबाने हा धंदा नाही. नानांचा हिशेब वेगळा, ते गाड्या मोजत नाहीत, ताटं मोजतात. चाळीस-पन्नास मिनिटं अडकलेलं कुटुंब जेवतंच, आणि नोव्हेंबरात चार्जरवाल्यांची ताटं त्यांनी वहीत वेगळी मांडली आहेत. ती वही मला दाखवत नाहीत.

परवा शेजाऱ्याच्या मेव्हण्याने निरोप आणला. चार खांबांना हरकत नाही, फक्त बांधावरची नानांची बाभूळ काढावी, तिची सावली त्यांच्या कपाशीवर पडते. डीपी आली तर बॅटरी बसून राहणार नाही, संध्याकाळच्या महाग तासांना आणि वीज गेल्यावर लागेलच. मी नानांना सगळा हिशेब कागदावर मांडून दिला. त्यांनी कागद घडी करून बंडीच्या खिशात ठेवला आणि बाभळीखाली जाऊन बसले.